काटेकोरपणाचे मूळ

सरकारी कचेरीत माणसाच्या गुणदोषांची नोंद वर्षातून एकदा होते, आणि त्या नोंदीसाठी वापरावयाची विशेषणे बोटांवर मोजता येतील इतकी थोडी असतात. त्यांतील एक इंग्रजी विशेषण मोठ्या मानाचे समजले जाते. ते म्हणजे ‘मेटिक्युलस’. वार्षिक अहवालात वरिष्ठाने हा शब्द लिहिला, की संबंधित मनुष्य कागदातील लहानशी त्रुटीही नजरेआड करीत नाही, आकड्याला आकडा जुळविल्याखेरीज सही करीत नाही, असा त्याचा अर्थ घेतला जातो. शब्द लिहिणाऱ्याला तो स्तुतीचा वाटतो. ज्याच्याविषयी लिहिला जातो त्यालाही तो स्तुतीचाच वाटतो. मात्र या शब्दाची कुळकथा पाहू गेल्यास ही स्तुती कितपत खरी, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

लॅटिन भाषेत ‘मेटस’ म्हणजे भीती. त्यापासून ‘मेटिक्युलोसस’ हा शब्द झाला, आणि त्याचा अर्थ भित्रा, भेदरट असा होता. प्लॉटस या रोमन नाटककाराने आपल्या ‘अँफिट्रुओ’ या नाटकात रात्रीच्या अंधारात बाहेर पडलेल्या सोसिया नावाच्या गुलामाला हेच विशेषण लावले आहे. तेथे त्याच्या अंगी कामाची बारकाई असल्याचा मुळीच संबंध नाही. तो जिवाला भ्यालेला आहे एवढाच त्या शब्दाचा भाव. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत शिरला तोही याच अर्थाने, आणि नंतर तो मागे पडला. एकोणिसाव्या शतकात तो फ्रेंचच्या वाटेने पुन्हा आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘क्षुल्लक बाबींची फाजील चिंता करणारा’ असा झाला होता. म्हणजे भीती अद्याप गेली नव्हती, फक्त तिचा विषय बदलला होता. अंधाराची भीती जाऊन चुकीची भीती आली. विसाव्या शतकात हा ‘फाजील’पणाही गळून पडला आणि ‘अत्यंत काळजीपूर्वक काम करणारा’ असा गौरवाचा अर्थ रूढ झाला. इंग्रजी शब्दप्रयोगांचे प्रसिद्ध मीमांसक फाउलर यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशात या बदलाविषयी नापसंती दर्शविली होती. पण भाषा कोशकारांचे ऐकतेच असे नाही. आज फाउलरांचा आक्षेप जाणकारांपुरता उरला आहे आणि शब्द सर्वांच्या तोंडी आहे.

शब्दाचा मूळ अर्थ हाच त्याचा खरा अर्थ, असे मानण्याचे कारण नाही. तसे मानले तर आपली निम्मी भाषा चुकीची ठरेल. तरीसुद्धा काही शब्दांच्या मुळाशी एखादे जुने निरीक्षण दडलेले असते, आणि शब्दाचा अर्थ बदलला म्हणून ते निरीक्षण खोटे ठरत नाही. मनुष्य काटेकोर होतो तो बहुधा भीतीने, असे जर या शब्दाच्या मुळाशी असेल, तर त्याचा विचार करणे अगत्याचे आहे. विशेषतः ज्यांचे आयुष्य कागदाशी बांधलेले आहे अशा आम्हां लोकांनी तरी तो करावा.

इंग्रजीत याच अर्थाच्या आसपास वावरणारी आणखी काही विशेषणे आहेत, आणि त्यांची मुळे शेजारी ठेवून पाहिली तर मौज वाटते. ‘प्रिसाइज’ याच्या मुळाशी कापणे आहे: जे जास्त आहे ते पुढून छाटून टाकलेले. ‘एक्झॅक्ट’ याच्या मुळाशी पिळून बाहेर काढण्याची, वसूल करण्याची कल्पना आहे, आणि हाच शब्द क्रियापद म्हणून वापरला तर आजही त्याचा अर्थ सक्तीने वसूल करणे असाच होतो. ‘स्क्रुप्युलस’च्या मुळाशी एक टोकदार लहानसा खडा आहे. वहाणेत शिरलेला खडा जसा प्रत्येक पावलाला टोचतो, तसे ज्याचे मन त्याला टोचत राहते तो स्क्रुप्युलस. आणि ‘अ‍ॅक्युरेट’च्या मुळाशी ‘क्युरा’ आहे, म्हणजे काळजी, आस्था, शुश्रूषा. ज्याच्यासाठी कष्ट घेतले, ज्याची निगा राखली, ते अ‍ॅक्युरेट. पाहावे तर हे सारे शब्द एकाच गुणाची नावे आहेत असे आपण समजतो. पण एकाच्या पोटी सुरी आहे, एकाच्या पोटी वसुली, एकाच्या पोटी टोचणी, एकाच्या पोटी माया आणि एकाच्या पोटी भय.

मराठीकडे वळले तर आपल्याकडेही शब्दांची वाण नाही. ‘तंतोतंत’मध्ये धाग्याला धागा जुळविणारा विणकर दिसतो. ‘नेमका’मध्ये नेम आहे. ‘काटेकोर’ म्हटले की मला तरी तराजूचा स्थिरावलेला काटा डोळ्यांपुढे येतो. ‘अचूक’ आणि ‘बिनचूक’ हे शब्द मात्र निराळ्या जातीचे आहेत. त्यांत काय आहे हे सांगितलेले नाही. काय नाही एवढेच सांगितले आहे. चूक नाही म्हणून अचूक! आमच्या कचेरीतील नीतिशास्त्र बहुतांशी या नकारावरच उभे आहे. चूक न होणे हेच तेथे पुण्य, आणि चूक न होण्याचा सर्वांत निर्वेध मार्ग म्हणजे काहीच न करणे, हे तेथील प्रत्येकाला दोनचार वर्षांत उमगते.

तेव्हा प्रश्न असा आहे: काटेकोरपणा हा स्वतःच एक सद्गुण आहे काय? की तो निव्वळ एक कौशल्य आहे, आणि तो ज्या मुळापासून उगवतो त्यावर त्याचे बरेवाईट ठरते?

माझ्या पाहण्यातील एक प्रकरण सांगतो. दिल्लीतील एका कचेरीत मी नुकताच रुजू झालो होतो. तेथून निवृत्त झालेला एक शिपाई वारला आणि त्याच्या विधवेने कुटुंब निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला. बाई गढवालकडील, अक्षरशत्रू. तिच्या नवऱ्याच्या सेवापुस्तकात तिचे नाव एका रीतीने लिहिलेले होते, आधार कार्डावर दुसऱ्या रीतीने. एका कागदावर नावापुढे ‘देवी’ होते, दुसऱ्यावर नव्हते, आणि मधल्या एका अक्षराची वेलांटी गळाली होती. प्रकरण हाताळणाऱ्या सहायकाने आक्षेप काढला, तो नियमाप्रमाणे योग्यच होता. बाईने प्रतिज्ञापत्र आणून दिले. मग जन्मतारखेचा आक्षेप निघाला: एका ठिकाणी नुसते वर्ष, दुसऱ्या ठिकाणी त्याहून तीन वर्षांनी अलीकडची एक जानेवारी. तोही योग्यच. त्यानंतर बँकेच्या पासबुकावरील नाव. असे एकेक करीत आठ महिने गेले. प्रत्येक आक्षेप निर्दोष होता, प्रत्येक टिपणीत नियमाचा क्रमांक बरोबर होता. या सहायकाला कोणी निष्काळजी म्हणू शकले नसते. तो पूर्णार्थाने मेटिक्युलस होता. उद्या लेखापरीक्षण झाले आणि वसुली निघाली, तर ती आपल्या पगारातून होईल, ही एकच धास्ती त्याच्या त्या सर्व बारकाईमागे होती, आणि ती त्याने कधी लपविलीही नाही.

पुढे ती फाइल एका वयस्क सेक्शन ऑफिसरांकडे गेली. त्यांनी काही विशेष केले नाही. एका दुपारी दप्तरातून मृताच्या सबंध नोकरीचे कागद मागविले आणि ते पहिल्या पानापासून वाचून काढले. त्यांत वीस वर्षांपूर्वी त्या शिपायाने भरून दिलेला कुटुंबाचा तपशील होता, दवाखान्याच्या कार्डासाठी दिलेले दोघांचे छायाचित्र होते, आणि तिच्या अंगठ्याचा ठसाही होता. बाईला बोलावून त्यांनी तिच्याशी दहा मिनिटे बोलून घेतले. नंतर अर्ध्या पानाची टिपणी लिहिली. तिचा मथितार्थ एवढाच, की नावे तीन दिसत असली तरी हे सर्व कागद एकाच स्त्रीविषयी बोलत आहेत, आणि तसे मानण्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत. त्या टिपणीखाली त्यांनी सही केली, म्हणजे जबाबदारी घेतली. मंजुरी आली.

या दोघांत अधिक काटेकोर कोण? वरवर पाहता सहायक, कारण त्याने एक वेलांटीही सोडली नाही. परंतु ‘ही बाई त्या शिपायाची पत्नी आहे काय?’ या खऱ्या प्रश्नाचे नेमके उत्तर त्याने आठ महिन्यांत शोधले नव्हते, किंबहुना तो प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता. त्याचा प्रश्न निराळा होता: ‘माझ्यावर काही येईल काय?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने फार अचूक काढले होते. वृद्ध अधिकाऱ्यांची बारकाई कमी नव्हती. त्यांनी सहायकापेक्षा अधिक कागद वाचले, अधिक ताळे पाहिले. फरक होता तो मुळात. एकाची बारकाई स्वतःभोवती कुंपण घालीत होती, दुसऱ्याची बारकाई समोरच्या माणसापर्यंत जाण्याची वाट काढीत होती. पहिली भयातून आलेली होती, दुसरी ‘क्युरा’तून.

भीती केवळ आम्हां कारकुनांनाच काटेकोर बनविते असे समजू नये. जगातील सर्वोच्च शिखराच्या उंचीसंबंधी एक आख्यायिका सांगतात. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने १८५६ साली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर केली. निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेल्या मापांची सरासरी बरोबर २९,००० आली होती. पण इतका गोल आकडा पाहून लोक तो अंदाजाने ठोकून दिलेला समजतील, म्हणून वरचे दोन फूट जोडले गेले, अशी ती आख्यायिका. खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म मात्र मोठे खरे आहे. आकडा खरा असणे वेगळे आणि आकडा काटेकोर दिसणे वेगळे. आणि कित्येकदा दुसऱ्यासाठी पहिल्याचा बळी दिला जातो. लोक विश्वास ठेवणार नाहीत ही भीतीच तेथे दोन फुटांच्या रूपाने उभी राहते. आजच्या अहवालांतून दशांशचिन्हापुढे दोन-दोन, तीन-तीन स्थळे ऐटीत मिरविणारे आकडे पाहिले म्हणजे मला या दोन फुटांची आठवण होते.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घेऊ. टायको ब्राहे हा ज्योतिषी दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वीच्या काळातला. नुसत्या डोळ्यांनी त्याने आकाशाचे जे वेध घेतले, त्यांच्याइतके सूक्ष्म वेध त्यापूर्वी युरोपात कोणी घेतले नव्हते. १६०१ साली तो वारला आणि त्याच्या नोंदी केप्लरच्या हाती आल्या. केप्लरने मंगळाच्या गतीचे गणित वर्तुळाच्या आधारे मोठ्या परिश्रमाने बसविले. ते जवळजवळ जुळले. फरक राहिला तो आठ कलांचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीच्या सुमारे पाव भागाइतका. दुसरा कोणी असता तर त्याने हा फरक निरीक्षणाच्या दोषाखाली ढकलला असता, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. पण टायको एवढी चूक करणार नाही हे केप्लर जाणून होता. त्याने आपले वर्षांचे गणित बाजूस सारले, पुन्हा आरंभ केला, आणि अखेर ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार नसून लंबवर्तुळाकार असतात या सिद्धांताशी तो पोहोचला. १६०९ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. येथील काटेकोरपणात भयाचा लवलेश नाही. भय असते तर त्याने आपले गणित वाचविले असते. येथे आहे ती निष्ठा: एक निष्ठा मृत सहकाऱ्याच्या श्रमांवर आणि दुसरी आकाशावर.

आपल्या परंपरेत या निष्ठेला एक सुरेख शब्द आहे: दृक्प्रत्यय. पंचांगातील गणिताचा पडताळा डोळ्यांना आकाशात आला पाहिजे, असा त्याचा अर्थ. गणेश दैवज्ञांचा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ शके १४४२चा, म्हणजे इसवी सन १५२०चा. दृक्प्रत्ययाचा आग्रह धरूनच तो रचला गेला, आणि पुढे शतकानुशतके महाराष्ट्रातील पंचांगे त्यावरून होत आली. कालांतराने सूक्ष्म फरक साठत गेले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या विद्वानांनी गणित आणि आकाश यांत अंतर पडल्याचे दाखवून दिले, तेव्हा मोठा वाद माजला. जुन्या पंचांगकर्त्यांचे गणित घटकापळांपर्यंत निर्दोष होते. सूत्राप्रमाणे एकही पळ चुकलेले नव्हते. चुकलेले होते ते एवढेच, की आकाशातील ग्रह त्या पळाला त्या ठिकाणी नव्हता. ग्रंथाशी तंतोतंत आणि वस्तूशी विसंगत, असा हा काटेकोरपणा. आमच्या फाइलींत तो आजही सुखाने नांदतो, आणि तेथे वर मान करून आकाश पाहण्याचा रिवाज नाही.

येथवर विचार केल्यावर असे म्हणण्याचा मोह होतो, की भयातून आलेला काटेकोरपणा वाईट आणि कामावरील प्रेमातून आलेला चांगला. पण एवढ्यावर थांबता येत नाही. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वान्से या उपनगरातील एका बंगल्यात पंधरा उच्चाधिकारी जमले होते. युरोपातील ज्यूंचा निकाल कसा लावावयाचा, हा बैठकीचा विषय. बैठकीचे इतिवृत्त आयखमन याने तयार केले, आणि त्यात देशवार एक कोष्टक आहे. कोणत्या देशात किती ज्यू आहेत याचे ते कोष्टक. बेरीज एक कोटी दहा लाखांच्या वर जाते. त्यात अल्बानियापुढे २०० असा आकडा आहे, नॉर्वेपुढे १,३०० असा आहे. दोनशे माणसांचीही नोंद सुटू नये, इतकी ती दक्षता! हे कोष्टक पाहताना माझ्यासारख्या कारकुनाच्या अंगावर काटा येतो, कारण त्याचे स्वरूप ओळखीचे आहे. तसेच रकाने, तशीच बेरीज, तीच नीटनेटकी मांडणी आम्ही रोज करीत असतो. ज्याने ते तयार केले त्याला आपले काम चोख झाल्याचे समाधान वाटले नसेल असे म्हणवत नाही.

तात्पर्य, कामावरील आस्था पुरेशी नाही. कागदावर प्रेम करणारा मनुष्य त्या कागदात ज्यांची नावे आहेत त्यांच्यावर प्रेम करतोच असे नाही. ‘क्युरा’ कोणाची, हा प्रश्न शेवटी उरतोच. आकड्याची निगा राखावयाची ती आकड्याच्या पलीकडे जे आहे त्याच्यासाठी. ते विसरले, की काटेकोरपणा ही एक धारदार सुरी उरते, आणि सुरी कोणाच्याही हाती सारखीच चालते.

यावर कोणी असे विचारील, की भीतीला आपण फार कमी लेखीत नाही काय? औषध देणारा चुकीला भ्यालाच पाहिजे. जुन्या इंग्रजी वैद्यकात ‘स्क्रुपल’ हे औषधे तोलण्याचे एक वजन होते, वीस ग्रेनचे. मनाच्या टोचणीचा आणि औषधाच्या मात्रेचा शब्द एकच असावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मात्रा तोलणाऱ्याचा हात थोडा कापलाच पाहिजे. हे सर्व मान्य आहे. परंतु तो हात कोणासाठी कापतो, एवढेच पाहावयाचे. रोग्याला काही होईल म्हणून जो भितो, त्याचे भय म्हणजे आस्थेचेच दुसरे नाव. आपल्यावर ठपका येईल म्हणून जो भितो, तो मात्रा बरोबर देईलही, पण ठपक्याची शक्यता नसेल तेथे त्याचा हात सैल सुटेल. लेखापरीक्षक गावाला गेला, की भयाचा काटेकोरपणाही रजेवर जातो. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे, की लंडनमध्ये विद्यार्थी असताना ते पै-पैचा हिशेब लिहून ठेवीत. तो हिशेब तपासावयास तेथे कोणी येणार नव्हते.

शिवाय किती बारकाई पुरे, हेही आस्थाच सांगू शकते. भीती ते कधी सांगू शकत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या आरंभीच बजावले आहे, की प्रत्येक विषयात त्या विषयाच्या स्वरूपाला झेपेल तितक्याच काटेकोरपणाची अपेक्षा ठेवावी. गणितज्ञाकडून संभाव्यता ऐकून घेणे आणि वक्त्याकडून गणिती सिद्धता मागणे, ही दोन्ही सारखीच अयोग्य. भ्यालेल्या मनाला हा विवेक नसतो. त्याला गढवालमधील निरक्षर बाईच्या जन्मतारखेतही सुवर्णतुलेची सूक्ष्मता हवी असते.

जाता जाता एका शब्दाविषयी. आम्ही उत्तरेत राहणारे मराठी लोक ‘सटीक’ हा शब्द रोज ऐकतो. हिंदीत त्याचा अर्थ अगदी नेमका, अचूक. अलीकडे तो याच अर्थाने मराठी वृत्तपत्रांतही शिरला आहे, आणि आपल्याकडील जाणत्यांना तो खटकतो, कारण मराठीत ‘सटीक’ म्हणजे टीकेसह, भाष्यासह. जसे सटीक ज्ञानेश्वरी. त्यांचे खटकणे रास्त आहे. तरीही या दोन अर्थांना शेजारी बसवून पाहावे असे मला वाटते. १९५५ साली एव्हरेस्टची उंची ८,८४८ मीटर मानली गेली. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी ती ८,८४८.८६ मीटर असल्याचे जाहीर केले. या शेवटच्या शहाऐंशी शतांशांना अर्थ येतो तो मोजणाऱ्याने कोणत्या साधनाने, कोठून, बर्फासह की बर्फाविना मोजले, हे सांगितले तरच. भाष्यावाचून आकडा मुका आहे. त्या वृद्ध अधिकाऱ्यांची अर्ध्या पानाची टिपणी हेही असेच एक भाष्य होते. नावे जुळत नाहीत हे त्यांनी लपविले नाही. ती का जुळत नाहीत आणि तरीही मनुष्य एकच कसा, हे त्यांनी सांगितले.

वार्षिक अहवालातील विशेषणे आमच्या हातची नसतात. ‘मेटिक्युलस’ लिहिले गेले तर ते आनंदाने घ्यावे, कारण बढतीला त्याचा उपयोग होतो. पण त्या विशेषणात दोन माणसे राहतात, एक भ्यालेला आणि एक काळजी वाहणारा, आणि अहवाल लिहिणाऱ्याला त्यांतील फरक बहुधा दिसत नाही. फाइल ज्याच्याविषयी आहे त्या माणसाला मात्र तो फरक पहिल्या भेटीतच कळतो.